दोन किलो पिझ्झा

यवतमाळ,
तुळशीचं लग्न आटोपल्यानंतरचा रविवार

प्रिय नाहिद,

सर्वप्रथम एक तक्रार, कारण जिल्हा परिषदेच्या खुर्चीवर केस पांढरे केलेल्या बाईला तक्रारीशिवाय कागद हातात धरवत नाही. तक्रार पिझ्झ्याच्या खोक्याबद्दल आहे. हा खोका स्कूटीवरून नेता येत नाही. माझ्या स्कूटीच्या हुकाला वांग्यांची थैली लटकते, दळणाचा डबा पायाशी बसतो, गणपतीबाप्पासुद्धा दरवर्षी त्याच जागेतून कुरकुर न करता घरी येतात. पण हा खोका? उभा धरला की सगळं चीज एका कोपऱ्यात जाऊन बसतं, लग्नात रुसलेल्या वरपक्षासारखं. आडवा धरला तर हँडल कोणी धरायचं? मागे द्यावा तर मागे आमचे यजमान सेवादास, आणि त्यांच्या मांडीवरचा खोका घर येईस्तोवर हळूहळू हलका होत जातो. ज्या जिल्ह्यात दोन माणसं, एक बकरी आणि फवारणीचा पंप एकाच मोटरसायकलवर सुखाने प्रवास करतात, तिथे एका पुठ्ठ्याने माझा पराभव करावा, याची इतिहासाने नोंद घ्यावी.

तू म्हणशील, संगीता पिझ्झा कधीपासून खायला लागली? थांब, तिकडेच येते आहे. हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस. कागदाला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून कागद.

तू नागपूरला गेलीस तेव्हा आर्णी रोडवर हाफिजचाचांची बेकरी म्हणजे गावाचं शेवटचं टोक होतं. पुढे नाला, आणि नाल्यापुढे नुसती कपाशीची पऱ्हाटी. आता त्या प्रत्येक शेताला एक कमान आहे आणि प्रत्येक कमानीवर इंग्रजी नाव. आमच्या लेआउटचं नाव ग्रीन व्हॅली. दरी कुठे नाही, आणि हिरवं म्हणशील तर आमच्या अध्यक्षांच्या, म्हणजे बापूजींच्या घराचा ऑइलपेंट. या लेआउटांच्या रस्त्याला दवाखाना नाही, पोस्टाची पेटी नाही, पण पिझ्झ्याची दुकानं तीन. पहिलं ‘रोमन राजा’. सिमेंटच्या दुकानाला चिकटून आहे, त्यामुळे पिझ्झ्याचा खालचा भाग कोणत्या दुकानातून येतो याबद्दल मतभेद आहेत. दुसरं मोठ्या कंपनीचं. काचेचं दार, आत थंडगार, टोपी घातलेली पोरं दार उघडलं की एकसुरात ‘वेलकम’ म्हणतात. परवा वाऱ्याने दार उघडलं तर वाऱ्यालाही म्हणाले. आणि तिसरं, नाल्याच्या अलीकडे, तुझ्या बापाच्या भट्टीवर, तुझ्या लेकीचं.

रागावू नकोस, नाव घेते तिचं. तमन्ना पुण्याहून हॉटेल मॅनेजमेंट शिकून आली, हैदराबादच्या मोठ्या हॉटेलातली नोकरी तिने नाकारली आणि नानाच्या, म्हणजे चाचांच्या, पडक्या बेकरीत पिझ्झा लावला, तेव्हा तू काय बोललीस ते मला तिनेच सांगितलं: दिवाळीपर्यंत चाललं तर चाललं, नाही तर मी स्वतः येऊन भट्टीवर पाणी ओतीन. पोरगी हसत हसत सांगत होती, पण सांगताना तिने टेबलाचा एकच कोपरा चार वेळा पुसला.

आणि खरं सांगायचं तर दसऱ्यापर्यंत तू बादली भरून तयार राहावीस असंच चित्र होतं. पिझ्झा उत्तम. लाकडाच्या भट्टीतला, कडेला फुगलेला, खाली खरपूस. मी पहिला घास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बोलायला वाईट काही नव्हतं. फार अवघडल्यासारखं झालं. चाचा बाजूला उभे. म्हणाले, “बेटा, रोटी पे सब्जी ही तो है. इत्ता पढ़ के आई, और बना क्या रही? रोटी पे सब्जी.” पण सांगत होते छाती फुगवून. फक्त गिऱ्हाईक नव्हतं. आमचा लेआउट मोठ्या कंपनीकडे जायचा किंवा रोमन राजाकडे, आणि तमन्नाच्या दुकानावरून जाताना गाडीचा वेग वाढवायचा. बापूजींनी सभेत बोलून दाखवलं, “माझं काही म्हणणं नाही बाप्पा, पण त्या भट्टीत काय काय भाजून राह्यले, कोणाले माहीत?” सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठ्या कंपनीच्या भट्टीत कोंबडी जाते हे तिथल्या भिंतीवर फोटोसकट लिहिलं आहे, पण काचेमागची कोंबडी कोणाला दिसत नाही. मी तसं म्हटलं. मला पुढच्या सभेचं बोलावणं आलं नाही.

तमन्नाने काय काय केलं नाही. अर्ध्या किमतीची पाटी लावली, पोरांना फुगे वाटले, पनीरचा पिझ्झा, मक्याचा पिझ्झा. सेवादासांनी तर तिला तर्री पिझ्झा सुचवला; हरभऱ्याचा तिखटजाळ रस्सा वरून ओतायचा. तिने बिचारीने करूनही पाहिला. तो खायला चमचा लागला. रोज दुपारी ती भिजवलेला मैदा झाकून ठेवायची आणि संध्याकाळी त्याचे पाव करून चाचांच्या जुन्या गिऱ्हाइकांना विकायची. म्हणजे भट्टी चालूच होती, पण नानाच्या पावावर. तिच्या पिझ्झ्यावर नाही. तिला हे टोचत होतं. “खाला, अम्मी बराबर बोलली का गं?” असं तिने मला एकदाच विचारलं, आणि मी, जिला कशालाही उत्तर असतं, तिच्या हातातलं फडकं घेऊन टेबल पुसायला लागले.

मग दिवाळीचा आठवडा आला. तुला ती गर्दी आठवते? आपापला मैदा, साखर, डालडा घेऊन घराघरातल्या बाया भट्टीवर येतात आणि नानकटाई भाजून डबे भरून नेतात. चाचा त्या दिवसांत अंडं आवाराच्या आतही येऊ देत नाहीत, आजही नाही. आणि चाचांवर सगळ्यांचा विश्वास, शेजारणीवर कोणाचाच नाही. आपलं साजूक तूप दुसरीच्या डालड्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक बाई आपला ट्रे भट्टीतून बाहेर येईपर्यंत स्टूल टाकून पहाऱ्यावर बसते. यंदाही बसल्या. कोण? ग्रीन व्हॅलीच्या सगळ्या. बापूजींची मंडळी, म्हणजे आमच्या काकू, सगळ्यात पुढच्या स्टुलावर. वर्षभर ज्या भट्टीत काय भाजतात हे कोणाले माहीत नव्हतं, तिच्या तोंडाशी आख्खी सभा बसलेली. मी इतकी वर्षं सरकारी नोकरीत आहे, पण कोरमचा असा आनंद मला कधी झाला नव्हता.

त्यात त्या दिवशी लाइन गेली. मैदा मळायची मशीन बंद, सगळं हाताने, रांग जागची हलेना. बारा वाजले, एक वाजला. बाया भुकेल्या, पण ट्रे सोडून उठायची कोणाची हिंमत नाही. तमन्ना आतून फुगलेल्या मैद्याचं घमेलं घेऊन आली, तिच्या रोजच्या न विकल्या जाणाऱ्या पिझ्झ्याचं, आणि काकूंपुढे उभी राहिली. “काकू, घरी आज भाजी काय केली?” काकू म्हणाल्या, “भरीत. काहून?” “मागवून घ्या ना. पोळी मी देते, वरचं तुमचं.” काकूंनी नातवाला पिटाळलं. तो भरताचा डबा घेऊन आला. तमन्नाने काकूंच्याच हाताने ते पसरायला लावलं, वर थोडं चीज, आणि काकूंच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच ट्रेमध्ये, भट्टीत. वास सुटला मात्र, फोनवर फोन सुरू झाले. कोणाकडून झुणका आला, कोणाकडून मेथी, कोणाकडून पाटवडी. एकीने शेव आणि कच्चा कांदा मागवला आणि दुसरीला म्हणाली, “माह्यावर नजर नको ठेवू, तुह्या वांग्याकडे पाह्य.”

बापूजी बायको अजून का आली नाही म्हणून बघायला आले. त्यांच्या हातात काकूंनी एक तुकडा ठेवला. त्यांनी तो असा धरला जणू पंचनामा करायचा आहे. खाल्ला. आणखी एक खाल्ला. मग सगळ्यांकडे बघत, गळा साफ करून, निकाल दिला: “भाजी घरची असली म्हंजे जेवण घरचंच होते. ह्यात बाहेरचं काय आहे?” नाहिद, मी त्या क्षणी काहीही बोलले नाही. चाचांना विचार. जीभ चावली, अक्षरशः, दोन दिवस तिखट खाता आलं नाही.

पण खरा चमत्कार दुसऱ्या दिवशी. काकू सकाळीच हजर. एका हातात मैद्याची पिशवी, दुसऱ्या हातात पत्र्याचा मोठा डबा. “बेटा, दोन किलो पिझ्झा करून दे. पोरी माहेरी येऊन राह्यल्या, भाऊबीजेपर्यंत पुरला पाहिजे.” दोन किलो! नानकटाई किलोने होते तर पिझ्झाही किलोनेच होणार, हा त्यांचा साधा हिशोब. पुण्यातल्या कॉलेजात कोणी असं म्हटलं असतं तर वर्ग हसून लोळला असता. तमन्ना हसली नाही. तिने डबा उचलून जोखला आणि म्हणाली, “ठेवा काकू. संध्याकाळी न्या.” आणि तिने छोट्या छोट्या पोळ्या अर्ध्या भाजून, थंड करून, मधे कागद घालून डबा भरला. घरी तव्यावर टाकायची, वर काय हवं ते घालायचं, झाकण ठेवायचं, झालं. भाजणावळ किलोवर. दोन दिवसांत दुकानासमोर डब्यांची रांग लागली, झाकणाला चिंध्या बांधलेल्या, कोणाची लाल, कोणाची हिरवी, आपला डबा ओळखू यावा म्हणून. माझाही होता. पायाशी आरामात बसतो, सेवादासांच्या मांडीवर जात नाही.

दिवाळी झाली, डबे थांबले नाहीत. आता आठवड्यातले दोन दिवस भट्टी फक्त घरच्या डब्यांची, बाकीचे दिवस तिच्या पिझ्झ्याची, आणि त्यालाही गर्दी, कारण एकदा डबा ठेवला की लाज मोडते. आर्णीहून डबे येतात. रोमन राजाने गादी सोडली. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आणि मोठ्या कंपनीच्या काचेच्या दारावर परवा एक कागद चिकटलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला: ‘कृपया घरून भाजी आणू नये.’ आमचे लोक तिथेही स्टीलचे डबे घेऊन गेले होते गं! वेलकम म्हणणाऱ्या त्या टोपीवाल्या पोरापुढे कोणीतरी झुणका ठेवला. तो कागद मी मोबाइलमध्ये टिपून ठेवला आहे. मन उदास झालं की बघते.

आता तू विचारणार नाहीस, पण तुझ्या मनात असेल ते. धूर. जुबैदाचाची, तुझी आई, त्या धुरापायी खोकत खोकत गेली, हे मी विसरलेले नाही, आणि तुझी लेकही विसरलेली नाही. तिने दुकानात खुर्च्या आणायच्या आधी धुराडं उंच केलं, हवा ओढणारा पंखा बसवला. चाचांची भट्टीसमोरची जागा काढून घेतली. ते आता दारात बसतात, डबे मोजतात, चिंध्यांवरून भांडणं सोडवतात. मागची भिंत आठवते, तव्यासारखी काळी? मी तिच्यावर बोट फिरवून पाहिलं, कारण मी तशीच आहे. बोट पांढरं राहिलं.

आता हे पत्र कशाला, ते. धनत्रयोदशीच्या आधी तुझा फोन आला होता: तमन्ना काही सांगणार नाही, दुकान बंद पडलं की तू कळव, मी गाडी करून तिला घ्यायला येते. तर कळवते, बंद पडलेलं नाही. मी लिहिते आहे हे तिला ठाऊक नाही, आणि ती आपणहून फोन करणार नाही; जिंकल्याचं सांगताना आवाज ओला होतो याची तिला भीती, अगदी तुझ्यासारखी. बारावीचा निकाल लागला तेव्हा माझा बा मला तांड्यावरून शहरात शिकायला धाडायला तयार नव्हता. याडी, माझी माय, दाराआड रडत होती. आणि तू, कोणी न बोलावता, चाचांची पावाची सायकल दामटत भर उन्हात आमच्या तांड्यावर आलीस, त्याच्या खाटेवर बसलीस आणि म्हणालीस, “फुलसिंगकाका, पोरगी हुशार आहे. जाऊ द्या. मी आहे ना तिच्याजवळ.” बाने तुझ्यापुढे पाण्याचा लोटा सरकवला. मला आजवर जो काही पगार मिळाला, तो त्या लोट्यापासून सुरू झाला. तर नाहिद, पोरगी हुशार आहे. राहू दे. मी आहे ना तिच्याजवळ.

तुझीच, जीभ होती तशीच असलेली,
संगीता