पोळ्याच्या दिवशी जुंपलेली जीप

प्रिय दादा,

उद्या पोळा. तू गेल्यावरचा पहिलाच. नांदगावला माहेरी आले आहे. पोर आत्ताच झोपली, आणि तुझ्याशी बोलल्यावाचून राहवत नाही.

लढाईवरून आलास तेव्हा तुझ्या तोंडी एकच विषय! इराणात रशियन फौजेला लॉरीतून सामान पोचवायचास. तिथं त्यांची ती छोटी उघडी गाडी पाहिलीस, गाझ नावाची. एका रशियन ड्रायव्हरनं तुला ती चिखलातून चालवूही दिली. "चारी चाकं वढतेत तिचे," तू सांगायचास. बाबा म्हणायचे, "समोरचेही? मंग बैल काय मांगून ढकलते?" किती चिडायचास रे!

तशीच चारी चाकं ओढणारी जुनी लष्करी जीप तू अकोल्याच्या लिलावातून आणलीस. तिला गाझची बहीण म्हणायचास. बाबांनी मात्र तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग गेल्या पोळ्याला, मी बाळंतपणाला इथं आले असताना, माझ्या कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, "पोर आडवं हाये, अमरावतीले न्या." दारात शिंगं रंगवलेले बैल उभे. बाबांचा चेहरा पडला. "पोळ्याले खांद्यावर जू नाही ठेवत, पोरा." तू मला उचलून जीपमध्ये ठेवलंस. "भिऊ नको बाई, इच्या बहिणीनं रशियाचा चिखल खाल्ला हाये."

पण आपली काळी माती! नाल्याच्या उतारावर चारी चाकं रुतली. तू स्टिअरिंगवर डोकं टेकवलंस. तुला रडताना मी तेव्हाच पाहिलं.

आणि मागून घुंगरं वाजली. बाबा! झुली काढून बैल हाकत आले. आधी बैलांच्या पाया पडले, मग जू ठेवलं. "माफ कर रे राजा, लेकीसाठी करून राहिलो." पुढून बैलांनी ओढलं, खालून चारी चाकांनी. गाडी निघाली. पोर जगली, मीही जगले.

इराणहून धडधाकट आलास आणि माघात घरच्या घरी तापानं गेलास? हे काय वागणं झालं, दादा! भाचीचे दातही आले नव्हते.

आज संध्याकाळी बैलांचे खांदे शेकले. हळद-लोणी थोडं उरलं. बाबा वाटी घेऊन जीपपाशी गेले, तिच्याभोवती फिरले आणि मला विचारलं, "बाई, इचा खांदा कोठी असते?" मला कुठे ठाऊक! सांगणारा तूच होतास. शेवटी त्यांनी चारी चाकांना लोणी चोळलं.

उद्या तिलाही सुट्टी. पण पोळा झाला की मी ती चालवायला शिकणार आहे. हसू नकोस! पुन्हा कुणाची लेक पोळ्याच्या दिवशी अडली, तर तिला न्यायला घरात कुणी नको का?

तुझीच,
शांता