सोनटक्क्याला घातलेलं पाणी

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की शेळगावच्या शाळेत आता तुमचं नाव काढलं तर मास्तर लोक, कोण बाई, म्हणून माझ्याच तोंडाकडं बघतात. तरी मी तुमच्याशीच बोलायला बसले आहे. परवा जे ऐकलं ते ऐकल्यापासून माझं मन ठिकाणावर नाही, आणि जिच्यावर चिडावं अशी तुमच्याशिवाय दुसरी कुणी सापडत नाही. पिंपळीच्या रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. तुम्ही ती पाहिली नाहीत. तिथं माझं तोंड सगळ्यांना माहीत आहे. पाणी घालायचा कंटाळा असेल तर प्लॅस्टिकची फुलं न्या, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते. तरी लोक येतात, कारण ओलीत वाढणारी फुलझाडं, कर्दळ म्हणा, सोनटक्का म्हणा, माझ्याकडं जशी मिळतात तशी जवळपास मिळत नाहीत. एवढ्या उन्हाच्या मुलखात हे कसं जमवलंत असं कुणी विचारलं, की मी तुमचं नाव घेते. घेत होते, असं आता म्हणायचं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा तात्यांची नात आली होती. आठवते ना, बसायच्या पट्टीवर माझ्या शेजारी असायची, घट्ट वेण्यांची. तिचे आजोबा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, शाळेच्या समितीवर होते, आले की तुम्ही स्वतःची खुर्ची त्यांना द्यायचात. आता तिनं बंगला बांधला आहे आणि स्वयंपाकघरामागं भांडी घासायचं पाणी साचून राहतं, तिथं काय लावू म्हणून विचारायला आली. मी म्हटलं, हे काय विचारणं झालं, सोनटक्का लाव, कडेनं कर्दळ. गड्डे खोल पुरू नकोस, सकाळचं ऊन मिळू दे, दुपारचं नको, बुडाशी उसाच्या पाचटाचा थर दे म्हणजे ओल टिकेल, आणि फुलून गेलेला दांडा बुडातून काप, तो परत फुलत नाही. सगळं तुमचंच. आणि मग सवयीनं मी माठाची गोष्ट सुरू केली. ती मी सगळ्यांना सांगते. माझ्या लेकीला तर ती पाठ आहे.

गोष्ट अशी की आम्ही चौथीत होतो. ब्याण्णव-त्र्याण्णवचा उन्हाळा असेल. शाळेत प्यायचं पाणी भरायची पाळी मुलींकडं असायची आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझी पाळी आली, जोडीला ही तात्यांची नात. हापशावरून कळशा आणून आम्ही व्हरांड्यातला माठ काठोकाठ भरला. आईनं त्या दिवशी माझी कळशी चिंचेनं घासून दिली होती. पोरं पेला घेऊन रांगेत उभी राहिली आणि तेवढ्यात तुम्ही वर्गातून बाहेर आलात. कुणी प्यायच्या आत माठ दोन्ही हातांनी उचललात, पायऱ्यांपाशी नेलात आणि सगळा सोनटक्क्याच्या वाफ्यात ओतलात. आम्ही आ वासून बघतोय. तुम्ही म्हणालात, "सोनटक्का सुकत चाललाय. आधी त्याला पाजू, मग आपण पिऊ." दुसऱ्या दिवशी मला जवळ बोलावून सांगितलंत, की प्यायचं पाणी कुणीही भरेल, बाग मात्र आजपासून तुझ्याकडं, तुझ्या हाताला गुण आहे. माझी बाई अशी होती, पोरांच्या आधी झाडाची तहान बघणारी, असं म्हणून मी गोष्ट संपवते आणि गिऱ्हाईक एखादं रोप जास्त नेतं.

परवा ती हसली नाही. हातातली कर्दळीची पिशवी तिनं खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "तुला खरंच ठावं न्हाय व्हय? अगं, तुमच्या वस्तीतल्या पोरीला माठाची पाळी दिलीय म्हणून आमच्या तात्यांनी शाळा डोक्यावर घेतली हुती. सकाळच्यालाच येऊन बाईंना बोलून गेलं हुतं. बाईंनी माठ वतला, तवा मिटलं." मग तिनंच सांगितलं की ते शाळेत सगळ्यांना माहीत होतं. रांगेत पेला घेऊन उभी असलेली बारकी पोरंसुद्धा उगाच उभी होती, पिणार कुणीच नव्हतं. ती रडायला लागली, माझे हात धरले, तात्यांच्या वतीनं माफी मागायला लागली. मला तिचा राग आला नाही. मी फक्त तिला कर्दळीची रोपं मोजून दिली आणि दोनदा चुकले.

ती गेल्यावर मी नळी चालू ठेवून बसून राहिले. वाफा भरून पाणी रस्त्यावर गेलं, शेजारच्या टपरीवाल्यानं हाक मारली तेव्हा कळलं. बाई, हापसा एकच होता. त्याच हापशाचं पाणी दुसऱ्या पोरीनं माठात ओतलं की गाव प्यायचं, आणि मी आणलं की सोनटक्क्याला. आणि मी काय मिरवत होते! मधली सुट्टी झाली की बाकीच्या पोरी लंगडी खेळतायत आणि मी कळशी घेऊन पळतेय, हापशाचं सांडलेलं पाणी वाफ्याकडं वळवायला चर काढतेय, घरोघरच्या गोठ्यांतून पाचट मागून आणतेय. एकदा भर दुपारी पानांवर पाणी मारलं तर तुम्ही माझा कान असा पिरगळलात की संध्याकाळपर्यंत लाल होता. पानं भाजतात, अक्कल कुठं गहाण ठेवलीस, म्हणालात. त्या कानाचासुद्धा मला अभिमान होता. पावसाळ्याच्या तोंडाशी तुम्ही सोनटक्क्याचे गड्डे ओल्या पोत्यात गुंडाळून मला घरी न्यायला दिलेत. आमच्या मोरीच्या पाण्यावर ते असे फोफावले की पौर्णिमेला विहारात बुद्धमूर्तीपुढं आईची ओंजळ भरून फुलं जायला लागली, आणि वस्तीतल्या बायका वासानं दारात येऊन बसायच्या. ते माझ्या हाताचं होतं की नुसत्या मोरीच्या पाण्याचं? परवापर्यंत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तुमच्या त्याच एका वाक्यावर मी इंदापूरला बारावी करून शेतीचं शिकायला गेले, नवऱ्याशी भांडून ही जागा भाड्यानं घेतली. गड्डे नासले तरी पुन्हा लावले, कारण माझ्या हाताला गुण आहे असं तुम्ही म्हणाला होतात. आता कळतंय की ते मला माठापासून लांब ठेवायला म्हणाला होतात.

काल शेळगावला गेले. आईला सरळ विचारलं. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबलासुद्धा नाही. बाई, तिला माहीत होतं! त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर तुम्ही आमच्या घरी आला होतात म्हणे, चहा घेतलात, आणि सगळं तिला सांगितलंत. गाव ऐकत नाही, मी एकटी पडते, पण पोरीला कळू देणार नाही, एवढं म्हणून तुम्ही डोळे पुसलेत. मी आईवर ओरडले. म्हटलं, तू गप्प कशी राहिलीस, शाळेत जाऊन त्या तात्याला जाब का नाही विचारलास? आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू साळंत गेली नसतीस. मला तू साळंत पायजे हुतीस." नंतर तिनं मला जेवायला वाढलं. मी जेवले.

तुम्ही आमच्या घरी चहा घेतलात, हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. तसं ते वाटलंही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. रात्रभर मी एकच गोष्ट आठवत होते, की मी आणलेलं पाणी तुम्ही शाळेत कधी प्यायलात का. तुमची बाटली बारामतीहून एसटीनं तुमच्याबरोबर यायची, टेबलावर खिडकीपाशी असायची. ती संपल्यावर तुम्ही काय करायचात? मला तुमच्या साडीचा काठ आठवतो, खडूनं पांढरी झालेली बोटं आठवतात, सोनटक्क्याचं फूल वहीत दाबून ठेवायची सवय आठवते. तुम्ही माझ्या कळशीतून पेला भरून घेतलाय, असं एकदाही आठवत नाही. तुम्ही कधी घेतलाच नसेल असं म्हणवत नाही, घेतला असेल असंही म्हणवत नाही, आणि विचारायला तुम्ही नाही. तुम्ही भित्र्या होतात की चांगल्या होतात, हेही मला ठरवता येत नाही. एक बाई दोन्ही असू शकते हे मला कळतं, पण ती माझी बाई असावी हे काही केल्या पचत नाही.

लेकीनं मघाशी विचारलं, काय लिहितेस. मी म्हटलं, खतांचा हिशोब. हे तिला दाखवणार नाही, आईला वाचून दाखवणार नाही, आणि तुमच्या घरच्यांपैकी कुणी बारामतीत उरलं असलं तरी त्यांच्याकडं पाठवणार नाही. त्याचं कारण तात्या नाहीत आणि तुम्हीही नाही. कारण इतकंच, की त्या दिवशी तुम्ही मला बाजूला घेऊन खरं सांगितलं असतं, की पोरी, तुझ्या हातचं पाणी गावाला चालत नाही, ते फक्त फुलांना घालायचं, तरी दुसऱ्या दिवशी मी कळशी घेऊन आलेच असते. आणि खुशीत आले असते. तुम्ही मला फार आवडत होतात, बाई.