बिनआवाजाची मॅरेथॉन

२९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी सात. ताप नाही.

आजपासून रोज लिहायचं. लहानपणी शाळेपेक्षा रेशमाच्या किड्यांना पाला घालण्यातच जास्त दिवस गेले, त्यामुळे अक्षर वाकडं येतं. पण वाचणार कोण, मीच. लिहायला कारणही तसंच आहे. मी मॅरेथॉन भरवते आहे.

म्हणजे भरवणारे मिनेगिशीसान. पोस्टातून रिटायर झालेले, गावातल्या धावणाऱ्यांच्या क्लबचे प्रमुख. पण पहिल्या मीटिंगला चहा मी केला होता आणि सगळं त्या चहावरच ठरलं. साथीपायी यंदाच्या मोठ्या शर्यती एकजात रद्द. म्हणून ही छोटी. छत्तीसच जण, सगळे वाऱ्यासारखे पळणारे. नदीच्या बांधावर पाच-पाच किलोमीटरच्या आठ फेऱ्या आणि वर उरलंसुरलं. प्रेक्षक नाहीत. तारीख १३ डिसेंबर.

छत्तिसांत माझी नात आहे, चिगुसा. कोन्याकूच्या, म्हणजे कंदाच्या वड्यांच्या कारखान्यात कामाला आहे, तिथल्याच होस्टेलवर राहते. दोन तास पन्नास मिनिटांच्या आत आली तर मार्चमधल्या बायकांच्या मोठ्या शर्यतीत तिचं नाव लागतं. मुदत डिसेंबरअखेर. आजवर दोनदा दोन-बावन्नवर अडकली आहे. आता कुठे दुसरी शर्यतच नाही, त्यामुळे हा एकच डाव.

काळजी नाही. मी आहे.

३० नोव्हेंबर. ताप नाही.

चिगुसाचा फोन. खेळाडूंनी दोन आठवडे कुणाच्या घरी जायचं नाही, म्हणून फोनवरच. आधी तब्येत विचारली, मग हवा, मग मुळ्याचं लोणचं मुरलं का ते. मग हळूच म्हणाली, आजी, यंदा ओरडायला बंदी आहे, माहीत आहे ना, थुंकी उडते म्हणून, फक्त टाळ्या. मी म्हटलं, मी कधी ओरडते. तिने पुन्हा लोणच्याचं विचारलं.

गेल्या वर्षी मी बांधावरून तिच्या बाजूने दोनशे पावलं पळत गेले होते. पाठ सरळ ठेव, नाकाने श्वास घे, शेजारचीला पुढे जाऊ देऊ नकोस, एवढंच सांगितलं. त्या दिवशी तिच्या पोटात कळ आली. बूट नवे होते.

१ डिसेंबर. ताप नाही.

मिनेगिशीसान फाटकाशी येऊन फॉर्म टाकून गेले. कार्यकर्त्यांनीसुद्धा रोज सकाळी ताप मोजून लिहायचा. शर्यतीआधीचे चौदा दिवस आणि नंतरचेही चौदा. अठ्ठावीस चौकोन, मुंगीएवढे. रोज रोज चष्मा शोधत कोण बसणार. आजच सगळा भरून टाकला. माझं अंग मला ठाऊक आहे. छत्तीस पूर्णांक चार, पाच, चार, पाच. मध्ये दोनदा तीन टाकले, खरं वाटावं म्हणून. काम वेळेआधी झालेलं बरं. मिनेगिशीसानना आवडेल.

३ डिसेंबर.

देवळाच्या मैदानात मीटिंग. दोन-दोन हातांच्या अंतरावर उभं राहून. मी सूचना मांडल्या. सगळ्यांना गरम भाताचे मुटके करून देते म्हटलं. नको, बंद पाकिटातलंच द्यायचं. कोन्याकूचं गरम सूप? नको. धावून आलेल्यांची पाठ टॉवेलने पुसते? त्यावर मिनेगिशीसान म्हणाले, किनुआजी, पाठीला तर हातच लावायचा नाही.

माझी एक सूचना मात्र टाळ्यांच्या गजरात पास झाली. नियम म्हणजे नियम, तापाच्या बाबतीत कुणालाही सूट नाही, मिनेगिशीसानची आई आली तरी परत पाठवा. मिनेगिशीसाननी ते वहीत लिहून घेतलं.

माझं काम तिसऱ्या वळणावर. टेबलावर खेळाडूंच्या नावांच्या बाटल्या, त्यांना कुणी हात लावू नये म्हणून राखण. सोबतीला शेजारची ओताकी. भली बाई, पण तिचा आवाज डासाएवढा. तिच्या घरी आग लागली तरी शेजाऱ्यांना धूर बघूनच कळेल. अशा बाईला प्रोत्साहनाच्या जागी कशाला ठेवतात. जाऊ दे, मी सांभाळून घेईन.

५ डिसेंबर.

अंगणात गप्प राहायची प्रॅक्टिस. रस्त्यावरून जाणाराच खेळाडू समजायचा. पहिला पार्सलवाला, नुसत्या टाळ्या. दुसरी शाळेची बाई सायकलवर, नुसत्या टाळ्या. तिसऱ्याला मी खांदे खाली असं म्हटलं म्हणे. माझ्या लक्षात नाही. तो माणूस खांदे खाली करून गेला, म्हणजे उपयोग झालाच.

६ डिसेंबर.

युक्ती सापडली. मास्कच्या आत तोंडात उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट आलुबुखार ठेवायचं. जीभ त्यात गुंतली की बोलणं बंद. वीस मिनिटं उत्तम. मग समोरून ओताकी आली, तिला सांगायला गेले आणि बी गिळली. उद्यापासून दोन ठेवायची.

९ डिसेंबर.

पिवळी जाकिटं आली, टोप्याही पिवळ्या. मी आणि ओताकी एकाच मापाच्या. घालून आरशात पाहिलं. डोळेच तेवढे उघडे. पण ऐट लपत नाही, शंभर माणसांतही मी ओळखू येईन.

११ डिसेंबर.

चिगुसाचा फोन. आवाज बारीक. म्हणाली, आजी, यंदा नाही जमलं तर मी सोडून देणार आहे, कारखान्यात पाळ्या वाढल्यात, सरावाला पायच उचलत नाहीत. मी तिला झोपेचं महत्त्व सांगितलं. मग पाणी, मग श्वास, मग तिचे आजोबा टेकडीवर सरपण घेऊन कसे चढायचे ते. चाळीस मिनिटांनी ती म्हणाली, आजी, झोपू का आता. बघा, गुण आला.

फोन ठेवल्यावर मात्र मला उगाच रडू आलं. पोरगी पाच वर्षांची असल्यापासून धावते आहे. आधी माझ्या मागे, आता मी तिच्या.

१३ डिसेंबर. पहाटे साडेचार.

वारा नाही. आमच्या गुन्मा भागात डिसेंबरमध्ये वारा नाही म्हणजे देवाचीच कृपा. थंडी मात्र कडक. अंगावर ऊब देणाऱ्या पुड्या चिकटवल्या, पाठीला चार, पोटाला दोन, पायांना चार आणि टोपीच्या आत कपाळावर एक. भट्टीसारखी झाले आहे. निघते. आज इतिहास.

१३ डिसेंबर. सकाळी साडेसात. घरी, कोतात्सूत, म्हणजे शेगडीवाल्या टेबलाखाली पाय घालून.

शर्यतीच्या फाटकावर क्लबच्या मुलीने कपाळाला यंत्र लावलं. अडतीस पूर्णांक नऊ. मी म्हटलं, पुडी आहे ग. टोपी काढली, बाजूला बसवलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं. छत्तीस पूर्णांक तीन. झालं, आत सोडणारच होते. तेवढ्यात मिनेगिशीसाननी माझा फॉर्म पाहिला. चष्मा वर केला, खाली केला, बराच वेळ पाहिला. मग अगदी नम्रपणे विचारलं की किनुआजी, सत्तावीस डिसेंबरचा ताप तुम्हाला आजच कसा कळला?

मी म्हटलं, मला कधी ताप येत नाही.

ते म्हणाले, नियम म्हणजे नियम, तुम्हीच सांगितलंत. एवढं वाकून म्हणाले की भांडताही येईना. चिगुसा पलीकडे अंग गरम करत होती, तिला यातलं काही कळलं नाही. तेवढं बरं झालं.

आता वळणावर एकटी ओताकी. पोरीचं कसं होणार.

१३ डिसेंबर. सकाळी साडेदहा.

घरून काम चालू ठेवलं. आठला शर्यत सुटली. दर वीस मिनिटांनी चिगुसा वळणावर येणार, तेव्हा इथे टाळ्या. चार फेऱ्यांना वाजवल्या. पाचव्या आणि सहाव्याला डोळा लागला. कोतात्सूची ऊबच तशी. आता पुन्हा वाजवते आहे.

१३ डिसेंबर. सव्वाअकरा.

मिनेगिशीसानचा फोन. सगळं आटोपलं, ठरल्यापेक्षा अर्धा तास आधीच. गडबड नाही, तक्रार नाही, इतकी सुरळीत शर्यत आयुष्यात पाहिली नाही म्हणाले. मी म्हटलं, ते राहू दे, चिगुसा?

दोन तास एकोणपन्नास मिनिटं अडतीस सेकंद.

खाली बसले. उठले. अंगणात जाऊन पर्सिमॉनच्या झाडाला सांगितलं, मोठ्याने. आता बंदी नाही.

१३ डिसेंबर. संध्याकाळी पाच.

चिगुसा आली होती. आत आली नाही, अंगणातच मास्क लावून उभी राहिली. डोळे सुजलेले, पण हसरे. कमरेत वाकली आणि म्हणाली, आजी, तुझे उपकार फेडता येणार नाहीत. प्रत्येक फेरीला तू तिथे अगदी शांत उभी होतीस, नुसत्या हलक्या टाळ्या. पस्तिसाव्या किलोमीटरला पाय संपले होते, पण म्हटलं, माझी आजी माझ्यासाठी एवढा वेळ गप्प राहू शकते, तर मला आणखी सात किलोमीटर जमायलाच हवेत.

मी काहीच बोलले नाही. उमेबोशी नव्हतं तोंडात, तरी.

मग तिने विचारलं, ओताकीसान कुठे दिसल्या नाहीत, बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, असतील इथेच कुठेतरी.

जाताना म्हणाली, मार्चमध्येही येशील ना आजी, अशीच, अगदी अशीच उभी राहा.

मी हो म्हटलं.

उद्या सकाळी वाटीभर मुळ्याचं लोणचं घेऊन ओताकीकडे जायचं आणि मार्चमध्ये तिला वेळ आहे का विचारायचं.