डावी किडनी सुस्थितीत

ती. दादास धाकटीचा साष्टांग नमस्कार (आठातलं एक अंग तुझ्याकडेच असल्यामुळे सातावर भागवून घे). तुझी तब्येत उत्तम असणारच. ती उत्तम ठेवायचं काम कुणाचं, हे आपल्या घरात फार पूर्वीच ठरलंय.

पोट दुखतं म्हणून परवा स्कॅन काढला. तिथे नवा संगणक आलाय. तो पोटातला एकेक अवयव आपणहून ओळखतो आणि रंगवतो: यकृत तपकिरी, प्लीहा जांभळी, किडन्या हिरव्या. माझ्या पोटात त्याने चांगल्या दोन हिरव्या रंगवल्या! मी म्हटलं, अहो, डावी मी भावाला दिली. तर तंत्रज्ञ म्हणाला, "मावशी, लाखभर पोटं बघून शिकलाय तो." (लाखभर पोटांत दोन, मग माझ्याच पोटाने काय घोडं मारलंय? जुने डॉक्टर सांगायचे, रिकाम्या जागेत आतडं सरकतं. त्यालाच यंत्राने किडनी ठरवलं असणार.) मी व्रण दाखवायला पदर सरकवला, तर बिचारा लाजून खिडकीबाहेर बघायला लागला. हे सगळं हसत हसत फोनवर सांगितलं, तर वहिनींचा जीव भांड्यात पडला. म्हणाल्या, म्हणजे तुमचं काहीच गेलं नाही म्हणायचं! आणि मागून तू म्हणालास, देणाऱ्याला देव कमी पडू देत नाही. अरे, देव कसला, आतडं आहे ते! पण तुलाही काय बोलायचं? चारचौघांत तू कायम सांगत आलास की मीठ सोडलं, पथ्य पाळलं, म्हणून बरा झालो. मी तिथेच बसून सगळ्यांचा चहा गाळत असायचे. वाईट वाटायचं, स्पष्टच लिहिते. आता यंत्रही तुझ्याच बाजूने साक्ष देऊन मोकळं झालं.

मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. उरलेल्या किडनीत गाठ निघाली आहे. एकुलती असती तर नुसती गाठ काढली असती, म्हणे; पण दुसरी धडधाकट आहे म्हणून सर्जन पुढच्या आठवड्यात ती अख्खीच काढणार. माझं ऐकत नाहीत, जुने कागद मागतात. वहिनी म्हणाल्या, कागद रद्दीत गेले. घरच्या कुणी येऊन सांगितलं तर पुन्हा तपासू, एवढं सर्जननी कबूल केलंय. घरचं म्हणजे तूच. ये, आणि त्यांच्यासमोर एकदा म्हण, हिची किडनी माझ्या पोटात आहे.

आणखी एक. टोचून लिहिलेलं वहिनींना वाचून दाखवू नकोस. त्या तुला निघू देणार नाहीत, आणि मला फार भीती वाटते आहे, दादा.