व्हरांड्यातला नवा फ्रीज

मंगळवार, संध्याकाळ

विद्यापीठाची भंगार ठरवणारी समिती आज एकदाची आली. लॅबमधला बंद फ्रीज त्यांच्या मंजुरीशिवाय हलवता येत नाही, म्हणून नवा दोन पावसाळे व्हरांड्यात उभा, भाट्याच्या खाडीचा खारा वारा खात. समितीच्या साहेबांनी जुन्यावर रंगवलेला नोंदवहीचा नंबर शोधला. गंजाबरोबर गळून गेलाय. "नंबरच नाही, मॅडम, मंजुरी कशाला देऊ?" मग बाहेर येऊन नव्याचं दार उघडायला गेले, ते हातातच आलं. त्याचा नंबर मात्र ठळक. मीच हौसेने रंगवला होता ना! तो लगेच भंगारात मंजूर. जुना आत तसाच.

विद्यार्थिनी रिझवानाचे शिंपल्यांचे नमुने आजही माझ्या घरच्या फ्रीजमध्ये, खायच्या बांगड्यांशेजारी. ती विचारते, "मॅडम, दुसरा मागवूया?"

मागवू गं. ठेवू कुठे? व्हरांड्यात?