बक्कल लावलेलं दप्तर

प्रिय अब्बा,

एकाच छपराखाली राहून पत्र लिहितेय, तुम्हाला हसू येईल. पण समोर बोलायला बसलं की तुम्ही कानस उचलता, किल्ली घासायला लागता आणि त्या करकरीत माझं अर्धं बोलणं विरून जातं. म्हणून दवाखान्यात दुपारी पेशंट नसतात तेव्हा औषधांच्या कपाटाला पाठ टेकून लिहितेय. कागद माझ्याच वहीचा आहे, दवाखान्याचा नाही. बघा, हेसुद्धा सांगावंसं वाटलं मला.

मला राग आलाय, अब्बा. सोमवारचा आहे आणि अजून उतरलेला नाही. सोमवारी तुम्ही टाचणीला शाळेतून आणायला गेलात. हे नाव तिला तुम्हीच दिलंत, हाडकुळी आणि जाईल तिथे टोचणारी नात म्हणून. खेळाच्या सरांचं स्टॉपवॉच सापडत नव्हतं. सर सगळ्यांनाच विचारत होते, शिपाई बाकांखाली वाकून बघत होता. आपल्या पोरीचं नावही कुणी काढलं नव्हतं. आणि तुम्ही तडक शिक्षकांच्या खोलीत शिरून तिचं दप्तर टेबलावर उलटं केलंत. वह्या, डबा, तुटका कंगवा, तिनं जमवलेले ते खडे, सगळं सगळ्यांदेखत. बघून घ्या म्हणालात, आमच्याकडे नाही. आमच्याकडे म्हणजे कोणाकडे, हे त्या खोलीत कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती. मग स्टॉपवॉच सरांच्याच जाकिटाच्या खिशात निघालं. सर हसले, बाई हसल्या, तुम्हीही हसलात. घरी येऊन मला तुम्हीच ही गंमत म्हणून सांगितलीत. टाचणी हसली नव्हती. ती दाराआड उभी राहून ऐकत होती.

हे कुठून आलं ते मला माहीत नाही असं समजू नका. मी नऊ वर्षांची होते. डॉक्टरांच्या घरी कुलूप न तोडता चोरी झाली. या एवढ्याशा गावात किल्ल्या करणारे दोघे होते, पण बोलावणं फक्त मुसलमानाला आलं. नुसतं विचारायचंय म्हणून नेलं आणि दिवसभर चौकीतल्या बाकावर बसवून ठेवलं. माल दोन दिवसांनी डॉक्टरांच्या मेव्हण्याकडे मिळाला. माफी मागायला कुणी आलं नाही. डॉक्टरीणबाई आल्या त्या कुलूप बदलून घ्यायला, आणि जाताना म्हणाल्या की तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही हो. तुम्ही त्यांचे आभार मानलेत. मी गल्ल्यामागे बसून गृहपाठ करत होते, मला अजून तो तुमचा आवाज ऐकू येतो.

तेव्हापासून गिऱ्हाईक समोर उभं असल्याशिवाय तुम्ही किल्लीला हात लावत नाही. बिघडलेली किल्लीसुद्धा त्याच्याच हातात देता. ते धंद्याचं झालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तेव्हापासून रोज संध्याकाळी माझं दप्तरही तुमच्या कामाच्या टेबलावर उघडायला लागलं. दुसऱ्याची पेन्सिल चुकून आली नाही ना, एवढंच बघायचंय म्हणायचात. अम्मी एकदा म्हणाली होती, पोरीला चोर कशाला करताय. तुम्ही दोन दिवस तिच्याशी बोलला नाहीत.

तो गुलाबी खोडरबर आठवतो? शिंपीणबाईंच्या मुलीनं मला दिला होता, वाढदिवसाला, स्वतःहून. मी कितीदा सांगितलं. तुम्ही माझा हात धरून त्यांच्या दारात गेलात आणि तो परत केलात. ती बिचारी रडत सांगत होती की मीच दिला. पण तिच्या आईनं तो दोन बोटांत धरून घेतला आणि आधी कधी न पाहिल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. त्या बाईच्या मनात तोवर काही नव्हतं, अब्बा. ते आपण नेऊन दिलं. त्यानंतर त्यांच्या मुलीला माझ्याशी खेळायला कधी वेळ मिळाला नाही.

आणि माझं काय झालं तेही ऐका. दवाखान्यातून निघताना वॉचमन कुणालाच अडवत नाही. मीच पर्स उघडून त्याच्यापुढे धरते. सहा वर्षं झाली. तो बिचारा आता अवघडून दुसरीकडे बघतो. मला माझीच चीड येते, आणि तरी संध्याकाळी हात आपोआप चेनकडे जातो.

आता मंगळवारचं सांगते, ते तुम्हाला अजून कळलेलं नाही. टाचणीच्या वर्गात एकीची कंपासपेटी हरवली आणि अख्खा वर्ग वळून हिच्याकडे बघायला लागला. एक मुलगी म्हणाली, हिचं दप्तर तर हिचे नानासुद्धा तपासतात. त्या पोरांना हे आईबापांनी शिकवलं असेल, नसेल, पण पुरावा आपण घरून पाठवला होता. टाचणी उठली, कुणी सांगायच्या आत तिनं दप्तर बाईंच्या टेबलावर उलटं केलं. अगदी तुमच्यासारखं. पेटी त्यात नव्हतीच. आणि काल संध्याकाळी, माझ्यासारखं तिचंही दप्तर तुम्ही रोज उघडता त्या वेळी, तुमच्यासमोर तिनं स्वतःच एकेक वस्तू ओळीनं मांडली. तुम्ही शाबास म्हणालात. नंतर ती माझ्याजवळ आली आणि तिनं विचारलं, आई, माझ्या हातून चोरी झाली तर मला कळेल का गं? आठ वर्षांची आहे ती. गावाला काय बोलायचं ते मी बोलेन, आजच जाऊन तिच्या बाईंना भेटणार आहे. पण गावाआधी मला तुमच्याशी भांडायचंय.

हे पत्र मी तुमच्या हातात देणार नाही. उद्या सकाळी ते टाचणीच्या दप्तरात तळाशी, भूगोलाच्या वहीखाली ठेवीन. तिला सांगून ठेवीन की आत कागद आहे तो आईनं ठेवलाय, आणि यापुढे दप्तर तिनं आपणहून रिकामं करायचं नाही. संध्याकाळी तुम्ही ते उघडलं नाहीत तर पत्र तसंच माझ्याकडे परत येईल आणि मी खुशाल फाडून टाकीन. तेच व्हावं म्हणून दुवा करतेय. पण तुम्ही हे वाचत असाल, तर अब्बा, तुम्ही पुन्हा बक्कल काढलंत. ती आत्ता तुमच्यासमोर उभी असेल. आत काय आहे ते तिला माहीत आहे, तिला फक्त नाना उघडतात का ते बघायचं होतं. तिच्याकडे मान वर करून बघायच्या आधी बक्कल लावा.

तुमचीच,
थोरली