हुआ हिन, व्हाया मोरा

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ६.१०

काल निवृत्त झालो. विमा कंपनीत छत्तीस वर्षं, त्यातली शेवटची अकरा बोटींचे क्लेम बघण्यात. म्हणजे समुद्राशी नातं जुनं.

ठराव: उरलेलं आयुष्य थायलंडमध्ये. गावही ठरलंय, हुआ हिन. समुद्र, नारळ आणि जगभरचे रिटायर्ड लोक हाफ पँटमध्ये. आपल्याला मूलबाळ नाही, मागे ओढणारं कोणी नाही.

सुचित्राला सांगितलं. बायको शाळेत शिकवते, तिची अजून तीन वर्षं बाकी आहेत. मी पुढे जाऊन बस्तान बसवायचं, तिने मे महिन्याच्या सुट्टीत यायचं, असा प्लॅन. ती म्हणाली, मला विचारलंत कधी? मी आठवण करून दिली की दिवाळीपासून तिला चाळीस व्हिडिओ फॉरवर्ड केलेत. विचारणं म्हणजे आणखी काय असतं?

५ जानेवारी, रविवार

आशुतोषला, म्हणजे आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला, लिफ्टमध्ये सांगितलं. इतक्यात कोणाला बोलू नकोस, असंही दोनदा सांगितलं. संध्याकाळपर्यंत चौसष्टच्या चौसष्ट फ्लॅटना कळलं होतं. रागच आला. पण खाली तीन राउंड जास्त मारले.

११ जानेवारी, शनिवार

तयारी जोरात. आमच्या सीवूड्सच्या मॉलमधून फुलाफुलांचे दोन शर्ट आणले. रोज दहा थाई शब्द पाठ करतो. आजपर्यंत अकरा झाले.

उष्ण कटिबंधाची सवय व्हावी म्हणून एसी आणि पंखा दोन्ही बंद केले. सुचित्रा म्हणाली, आपण राहतो ते काय काश्मीर आहे का? तिचा भूगोल चांगला आहे, पण दृष्टी नाही.

२६ जानेवारी, रविवार. दुपारी

झेंडावंदनानंतर माझा निरोप समारंभ. मी नको नको म्हणत होतो, पण पहिल्या रांगेत बसून. शाल, श्रीफळ, शिवाय सगळ्यांनी वर्गणी काढून निळी ट्रॉली बॅग. शेजारची गीतांजली रडली. आशुतोष म्हणाला, काकांनी आपल्या सोसायटीचं नाव जगाच्या नकाशावर नेलं.

मी बावीस मिनिटं बोललो. बोलण्याच्या ओघात तारीखही दिली. पंधरा फेब्रुवारी. व्हिसा अजून व्हायचाय, पण टाळ्या चालू असताना असले तपशील सांगत नाहीत. सुचित्रा पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होती. तिलाही भरून आलं असावं.

३ फेब्रुवारी, सोमवार

वाशीच्या व्हिसा एजंटने फाइल परत दिली. माझा पासपोर्ट जूनमध्ये संपतोय. म्हणाला, चार महिन्यांच्या पासपोर्टवर वर्षाचा व्हिसा कोण देणार काका? आधी रिन्यू करा.

मी तिथली हॉस्पिटलं तपासली होती. तिथले साप तपासले होते. भरती-ओहोटीचं टेबल काढून ठेवलं होतं. घरच्या कपाटातला पासपोर्ट काढून तारीख बघायची राहिली. कोणाच्याही हातून होईल अशी चूक आहे. पण क्लेमच्या कागदावरच्या तारखा बघणं हेच मी अकरा वर्षं केलं, त्यामुळे जरा जास्त लागलं.

सुचित्रा म्हणाली, खाली जाऊन सरळ सांगा, दोन महिने लांबलं म्हणून. कोण हसणार आहे?

हसणार नाहीत, ते मलाही माहीत आहे. समजून घेतील. तेच नको आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पासपोर्टचा अर्ज टाकला. अपॉइंटमेंट सोमवारची मिळाली.

निरोप घेतलेला माणूस त्याच सोसायटीत दुधाची पिशवी घेऊन कसा फिरणार? उपाय सापडला. उरणजवळ मोऱ्याला देवजी कोळी राहतो. त्याच्या बोटीचा क्लेम मी पास केला होता, तेव्हापासून दर दिवाळीला फोन करतो. त्याच्या घराच्या माडीवर एक खोली रिकामी आहे. दोन महिने तिथे राहायचं, पासपोर्ट आला की तिथूनच परस्पर निघायचं. समुद्र आहे, नारळ आहेत. सरावच होईल.

सुचित्राला सांगितलं. तिने तपासायच्या वह्या मिटल्या. मग म्हणाली, आणि मी लोकांना काय सांगू? मी म्हटलं, काही सांगू नकोस, फक्त नाही म्हणू नकोस.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ५

निघालो. मी रिक्षाने जातो म्हणत होतो, आशुतोष ऐकेना. गाडीने थेट विमानतळावर. गीतांजलीही आली, डब्यात पुरणपोळ्या घेऊन. विमानतळाच्या दारापाशी दोघांनी पाया पडून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिले. काय देणार?

ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभा राहिलो. मग टॅक्सी करून भाऊच्या धक्क्यावर, तिथून लाँचने मोऱ्याला. बॅग लाँचमध्ये चढवताना शेजारच्या कोळणीने विचारलं, लग्नाला चाललाव का? तसं बघितलं तर समुद्रमार्गे परदेशगमनच झालं. पुरणपोळ्या लाँचमध्ये खाल्ल्या. अर्ध्या कोळणीला दिल्या, लाँच हलत होती म्हणून.

१७ फेब्रुवारी, सोमवार

खोली छान. खिडकीतून जेट्टी दिसते. खाली सुकट वाळत असते, तिचा वास दोन दिवसांत कळेनासा होतो म्हणतात. आज तिसरा.

घड्याळ दीड तास पुढे लावलंय, थायलंडच्या वेळेवर. नियम म्हणजे नियम. त्यामुळे जेवणाची वेळ लवकर होते. देवजीची बायको बाळाबाई म्हणाली, सायेब, डायबिटीस हाय का?

सोसायटीच्या ग्रुपवर पहिला फोटो टाकला. नारळ आणि पाणी. उजवीकडच्या बंदराच्या क्रेन कापल्या. एकोणचाळीस लाइक्स.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कालच्या फोटोत बोट आली होती. तिच्यावरचा भगवा झेंडा कापायचा राहिला. आशुतोषने विचारलं, काका, तिकडेही असे झेंडे लावतात? मी लिहिलं, इथले लोक फार श्रद्धाळू आहेत. खोटं नाही. मोऱ्याचे लोक श्रद्धाळूच आहेत.

५ मार्च, बुधवार

करायला काही नाही. थाई शब्द चौदा. रोज पाच किलोमीटर चालायचा ठराव होता, पण रस्त्यावर कोणी ओळखीचं भेटेल म्हणून जेट्टीपर्यंतच जातो आणि टोपी घालून जातो. देवजीने दोन लोकांचे विम्याचे कागद आणून दिले, ते भरून दिले. परदेशस्थ लोक असं समाजकार्य करतातच. तेवढे दोन तास बरे गेले.

बाळाबाईने आळीत सांगितलंय की सायबाला बायकोनी घराभायेर काढलाय. मी दुरुस्त केलं नाही. खरं कारण त्याहून वाईट वाटलं असतं.

सुचित्राचा फोन. गीतांजलीने तिला विचारलं, काकांना तिथे वरणभात मिळतो का? ही म्हणाली, मिळतो. मग फोनवर मला म्हणाली, मला असं बोलायला आवडलं नाही. तीस वर्षांत शाळेत कधी खोटी सिक लीव्हसुद्धा न टाकलेली बाई. लाज वाटली. पण मी म्हटलं, मिळतोच की वरणभात, तू खोटं कुठे बोललीस? तिने फोन ठेवला.

१२ मार्च, बुधवार

पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन असतं हे लक्षात होतं. ते घरी येऊन करतात हे लक्षात नव्हतं. सुचित्राचा फोन आला, आज हवालदार सीवूड्सला येऊन गेला. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, असा रिपोर्ट जाणार. म्हणजे पासपोर्ट अडकला. म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा सगळं.

मी घाईघाईने विचारलं, हवालदाराला सोसायटीत कोणी पाहिलं नाही ना? सुचित्रा म्हणाली, तुम्ही आता घरी या. मी म्हटलं, आत्ता? आत्ता कसा येऊ? हुआ हिनला जाऊन महिनासुद्धा नाही झाला. तिने पुन्हा एकदा म्हटलं, या. मग तिने म्हणणं सोडून दिलं.

२० मार्च, गुरुवार

एक गोष्ट मात्र उत्तम. फोटोंवर आता कोणी शंका घेत नाही. आशुतोष नुसतं लिहितो, काका, तब्येत सांभाळा. गीतांजलीने लिहिलं, केव्हाही परत या, आम्ही आहोत. परवा तर झेंडा, क्रेन, सगळं फोटोत आलं होतं, तरी सत्तेचाळीस लाइक्स. माझी फोटोग्राफी सुधारली आहे.

२ एप्रिल, बुधवार. सकाळी ८.४० (थायलंड १०.१०)

आशुतोषचा फोन. सुचित्रा पहाटे बाथरूममध्ये घसरली. उजवा हात मनगटात मोडलाय. गीतांजलीने हॉस्पिटलात नेलं, प्लास्टर झालं, आता घरी आणलंय. म्हणाला, काका, तुम्ही कधी येताय?

उरणहून सीवूड्सला ट्रेनने पाऊण तास. स्टेशनपर्यंत रिक्षा धरली तरी दहा वाजता घरी. बॅग ओढून दारापर्यंत गेलो.

मग हिशेब केला. हुआ हिनहून बँकॉक गाडीने चार तास. तिकीट मिळायला वेळ. मग विमान, मग इमिग्रेशन, मग टॅक्सी. दहाला घरी पोचलो तर कुठून आलो म्हणून सांगणार?

आशुतोषला लिहिलं, पहिलं मिळेल ते विमान पकडतो. उद्या दुपारपर्यंत. त्याने नुसतं बरं लिहिलं.

सकाळी ९.३०

सुचित्राशी बोललो. आवाज बारीक झालाय. विचारलं, फार दुखतंय का? म्हणाली, तुम्ही निघालात का? मी म्हटलं, निघतोच आहे.

दुपारी १

बाळाबाईला कळलं. देवजीने सांगितलं असणार. वर येऊन म्हणाली, सायेब, ट्रेन हाय ना? मंग जावा ना घरी. मी म्हटलं, थोडी अडचण आहे. तिने खाली बसून विचारलं, कसली अडचन? मनातल्या मनात जुळवून बघितलं, तर एकही वाक्य धड बाहेर काढण्यासारखं नव्हतं.

जेवण तिने पाठवलं. स्वतः आली नाही.

दुपारी ४

घड्याळ परत भारताच्या वेळेवर लावलं. दीड तास मागे नेलं तसा दिवस आणखी लांबला. मन रमावं म्हणून थाई शब्दांची वही उघडली. 'माफ करा' पाठ होता. म्हणून बघितला.

संध्याकाळी ६.३०

अजून जाता येईल. विमान लवकर मिळालं म्हणता येईल. पण इतकं लवकर मिळतं का? कोणाला विचारू? मला माझीच शिसारी येते आहे. सकाळी लवकर उठायचं आणि दुपारी एकला पोचायचं. हा शेवटचा ठराव.

३ एप्रिल, गुरुवार. दुपारी ३

साडेबाराला सीवूड्स स्टेशनवर उतरलो. तिथून घरापर्यंत पायी दहा मिनिटं, पण टॅक्सी केली. बॅगेसह टॅक्सीतून उतरणं बरं दिसतं म्हणून. फुलाफुलांचा शर्ट घातला होता.

घरात आशुतोष आणि गीतांजली बसलेले. सुचित्रा पलंगावर, हात गळ्यात. आशुतोषने बॅग घेतली. विचारलं, काका, फ्लाइट कशी होती? मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुचित्राच म्हणाली, लेट झाली असेल त्यांची, दमलेत, बसू दे त्यांना. माझ्याकडे न बघता म्हणाली. गीतांजलीने पाणी आणून दिलं. दोघंही लगेच उठले. जाताना आशुतोषने माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे तो.

दोघं गेल्यावर मी म्हटलं, चला, कोणाला संशय आला नाही.

तेव्हा तिने सांगितलं. हवालदाराला वर घेऊन आशुतोषच आला होता. काका थायलंडला असतात, असं त्याला अभिमानाने सांगत. हवालदार म्हणाला, पासपोर्टच झालेला नाही, तर गेले कशावर? मग हिला दोघांसमोर खरं सांगावं लागलं. तीन आठवडे झाले. गीतांजलीला, वॉचमनला, सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी आपसांत ठरवलं की काकांना कळू द्यायचं नाही.

काल हॉस्पिटलातून आल्या आल्या आशुतोष गाडीची किल्ली घेऊन उभा होता. मोऱ्याला जातो आणि काकांना घेऊन येतो, म्हणत होता. हिनेच अडवलं. म्हणाली, नको, तू फक्त फोन कर. हात मोडलाय म्हटल्यावर ते राहणार नाहीत, तासाभरात आपले आपण येतील.

मग मी विचारलं, चहा करू का? म्हणाली, झालाय. मी तिथेच स्टुलावर बसलो. ती म्हणाली, एका हाताने कडी काढता येत नाही, म्हणून तुमच्यासाठी काल सकाळपासून दार नुसतं लोटून ठेवलं होतं. रात्री गीतांजली सोबतीला झोपायला आली, तिनेच कडी लावली.